आवळलेला चौकोन

मंगळवारी माझ्या बहिणीला, सुमनला, तिच्या नवऱ्याने गळा दाबून मारले. लेकीसाठी ती क्रोशाचे पांघरूण विणत होती. कोपऱ्यातला शेवटचा चौकोन राहिला. तो विणता यावा म्हणून मी शेजारच्या मालूताईंकडे शिकायला बसले.

आजवर पुस्तकापलीकडे हातात काही धरले नव्हते. सुई टाक्यात खुपसायची, लोकर हिसडायची, पुन्हा खुपसायची. टाके इतके घट्ट झाले की सुई आत शिरेना.

"अगं बाई, गळा आवळतेस का लोकरीचा?" मालूताई हसत म्हणाल्या आणि एकदम त्यांनी जीभ चावली.

मी ओढतच राहिले. लोकर बोटात रुतली, बोट काळेनिळे पडले. माझ्या हातांना त्याचा गळा हवा होता. हातांत एवढे बळ कुठून येते ते मला कळले, आणि मी माझ्याच हातांना भ्याले.

"उसव गं," मालूताई हळूच म्हणाल्या. "सैल धर. पोरीच्या अंगावर यायचंय ते."

मी उसवले. पुन्हा विणले, पुन्हा उसवले. तरी माझा चौकोन सुमनच्या चौकोनांहून लहानच भरला. ताणून जोडला. पांघरूण त्या कोपऱ्यात आकसते. भाची तोच कोपरा मुठीत धरून झोपते.