प्रवाळाचा खरा रंग

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये मी आयुष्यभर भूगोल शिकवला, तो सगळा फळ्यावर. नद्या निळ्या खडूने, वाळवंटं पिवळ्या खडूने आणि प्रवाळ गुलाबी खडूने. प्रवाळ मी कधी पाहिलं नव्हतं. पुस्तकातल्या चित्रात ते गुलाबी होतं, म्हणून पोरांनाही गुलाबीच.

एका वर्षी शाळेच्या प्रदर्शनासाठी प्रवाळबेटाचं मॉडेल करायचं ठरलं आणि थर्माकोल कापायला मी नवऱ्याला बसवलं. ते कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. यंत्रांचे मोठाले भाग तयार होऊन आले की त्यांवर हात फिरवायचा, भिंग लावून केसाएवढी चीर शोधायची आणि ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ म्हणायचं, हे त्यांचं काम. घरीही तेच चालायचं. पोळीला एक काळा डाग दिसला की भिंगाशिवाय रिजेक्ट.

“खरंच एवढं गुलाबी असतं का हे?” ब्रश हातात धरून त्यांनी विचारलं.

“पुस्तकात आहे.”

“पुस्तकवाल्याने तरी पाहिलंय का?”

“तुम्ही रंगवा हो मुकाट्याने,” मी म्हटलं. त्यांनी रंगवलं, पण तोंड वाकडं करून. मॉडेलला बक्षीस मिळालं, तरी पुढे कितीतरी वेळा, कधी जेवताना तर कधी दाढी करताना, त्यांचं आपलं सुरूच, “तो गुलाबी काही मला पटलेला नाही.”

मग त्यांना काचबिंदू झाला. झाला म्हणजे आधीच झालेला होता, आम्हाला उशिरा कळला. स्कूटरवरून येताना बाजूने आलेली सायकल त्यांना दिसली नाही, तेव्हा अरेरा कॉलनीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती औषधं घालून जपायची, असं त्यांनी सरळ सांगितलं. बाजूचं दिसणं कमी होत चाललं होतं. समोरचं दिसे, तेही नेहमीच्या जाड भिंगांच्या चष्म्यातून, नळीतून पाहावं तसं. कारखान्याने त्यांना इन्स्पेक्शनवरून काढून टेबलाशी बसवलं. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांच्या ताटातल्या पोळीवर काळा डाग होता. त्यांनी ती रिजेक्ट केली नाही.

त्यानंतर त्यांना एक सवय लागली. न्यू मार्केटला बसची वाट पाहत उभे असलो की म्हणायचे, “तू बघ आणि मला सांग.” टीव्हीवर मॅच लागली की, “तू बघ आणि मला सांग.” समोरून कोण येतंय, आंब्याला मोहोर आलाय का, सगळं मी बघायचं आणि सांगायचं. मी सांगत होते, पण आतून भयंकर चिडत होते. त्यांच्यावर नव्हे, त्या वाक्यावर. अहो, अजून दिसतंय तुम्हाला! जे दिसतंय तेवढं तरी स्वतः बघा की! पण ते स्वतःहूनच दुकान बंद करत चालले होते.

यांची निवृत्ती जवळ आली तेव्हा कारखान्याकडून मिळणारी प्रवासाची शेवटची सवलत शिल्लक होती. टाउनशिपमध्ये तिला सगळे एलटीसी म्हणत, आणि कोण कुठे जाऊन आलं यावर पुढचं वर्षभर गप्पा चालत. लोक वैष्णोदेवीला जायचे, कन्याकुमारीला जायचे. मी म्हटलं, आपण अंदमानला जायचं.

“तिथे काय?”

“प्रवाळ. पाण्यात डोकं घालून बघायचं. तुम्ही. स्वतःच्या डोळ्यांनी.”

ते हसले. मी हसले नाही. हे मी ठरवूनच टाकलं होतं.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, खोल बुडी मारायची नाही, वरच्या वर तरंगायला हरकत नाही, डोळ्याला मार लागू द्यायचा नाही. झालं, मला तेवढं पुरे होतं. आम्हा दोघांना पोहता येत नव्हतं, म्हणून क्लबच्या तलावावर कुटुंबांसाठीच्या वेळेत सराव सुरू केला. तोंडाने श्वास घ्यायची नळी लागते एवढं आम्हाला माहीत होतं. ती भोपाळात कुठे मिळणार? यांनी विजेच्या वायरिंगचा प्लास्टिकचा पाइप गरम करून वाकवला, टोकाला रबर बसवलं आणि नळी तयार. नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा. क्लोरीनचं पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून चष्मा काठावर ठेवायचा आणि डोळे गच्च मिटायचे. अशा थाटात ते काठाचा दांडा धरून पालथे तरंगायचे आणि पलीकडे पोरं खिदळायची. शेजारच्या वहिनी आमच्याबरोबर अंदमानला येणार होत्या. त्या मूळच्या इंदूरच्या. त्या काठावरून ओरडायच्या, “ताई, भाऊसाहेबांना काय परेशान करताय? रहने दो ना, तिथे नारळपाणी पिऊ, फोटो काढू!”

मी ऐकलं नाही. एप्रिल गेला, मे गेला, आणि हे त्या नळीतून अगदी शांतपणे श्वास घ्यायला शिकले. आमची तयारी पूर्ण झाली असं आम्ही समजलो.

थंडी पडू लागल्यावर आम्ही निघालो. हबीबगंज स्टेशनाहून मद्रासकडे जाणारी गाडी, तिथून पुढे विमान. वहिनींच्या एका पिशवीत नुसती शेव होती. पोर्ट ब्लेअरला पोचल्यावर बेटांच्या सहलीची बोट ठरवली. सकाळी निघायचं, एका बेटावर भटकायचं, दुसऱ्या बेटापाशी पाण्यात उतरून प्रवाळ बघायचं, आणि संध्याकाळी बोटीवरच सूर्यास्त बघत जेवायचं.

पहिलं बेट नारळपाण्यात आणि फोटोंत गेलं. दुसऱ्या बेटापाशी बोट थांबली. पाणी इतकं स्वच्छ की नांगराची दोरी तळापर्यंत दिसत होती, म्हणजे मला दिसत होती. बोटवाल्याने एका टपातून मुखवटे काढून वाटायला सुरुवात केली. डोळे आणि नाक एकदम झाकणारे, पुढे रुंद काच असलेले, कडेला रबर. तो यांच्यापाशी आला आणि थबकला.

“अंकल, चश्मा उतारना पड़ेगा. डंडी बीच में आएगी तो पानी भर जाएगा.”

मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. इतके महिने सराव केला, पण तलावात बघण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून चष्म्याचा विचार दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. श्वास घ्यायला शिकलो होतो. बघायचं राहूनच गेलं होतं.

यांनी चष्मा काढून मुखवटा लावून पाहिला. “नुसतं धुकं आहे,” ते म्हणाले. मग मुखवटा काढून शांतपणे बाकावर ठेवला. “जाऊ दे. तू जा. तू बघ आणि मला सांग.”

हे वाक्य मी भोपाळहून इतक्या लांब ऐकायला आले नव्हते. मी बोटवाल्याला विचारलं, चष्म्याच्या दांड्या काढल्या तर? तो म्हणाला, पुढचा भाग आत बसेल कदाचित, मुखवटा रुंद आहे. दांड्यांचे स्क्रू मोहरीएवढे, आणि बोटीवरचा स्क्रूड्रायव्हर इंजिनाचा. मग मी चष्माच हातात घेतला.

“अगं, एकच आहे तो!” हे ओरडले. “जुन्याचा नंबर केव्हाच गेला. उरलेले दिवस काय करू? संध्याकाळचा सूर्यास्त कसा बघू?”

“सूर्य भोपाळलाही मावळतो,” मी म्हटलं आणि एक दांडी मोडली. मग दुसरी.

वहिनींनी तोंडावर हात ठेवला. मुखवट्यात चष्मा बसला नसता तर मी त्यांचं उरलंसुरलं दिसणंही मोडून बसले असते. बोटीवरच्या औषधपेटीतली चिकटपट्टी घेऊन मी भिंगांची चौकट काचेला आतून चिकटवायला लागले, तर ती सारखी घसरायची. यांनी हात पुढे केला. मग म्हणाले, “आण इकडे. काचेला नाही, रबराच्या कडेच्या आतल्या अंगाला लावायची. आणि आधी कोरडं पूस.” बोटं फिरवत त्यांनी चौकट बसवली, हलवून पाहिली, पट्टीचा आणखी एक तुकडा मागितला. कित्येक महिन्यांनी मी त्यांना असं काम करताना पाहत होते. मुखवटा चढवून त्यांनी डोकं इकडून तिकडे हलवलं आणि माझ्या चेहऱ्यावर नजर रोखली.

“पास,” ते म्हणाले.

बोटवाला आम्हाला घेऊन पाण्यात उतरला. अंगात जाकिटं, समोर एक मोठी रबरी रिंग, ती तो ओढत होता. एका हाताने रिंग धरायची आणि एका हाताने एकमेकांचा हात, असं ठरलं. भीती वाटली तर हात दाबायचा, की लगेच वर. यांनी नळी तोंडात धरली, डोकं पाण्यात घातलं, आणि तलावातल्यासारखा तो संथ श्वास सुरू झाला.

आता मीही डोकं घालणार, तेवढ्यात शेजारच्या बोटीवरचा एक आडदांड माणूस पाय झाडत आमच्या अंगावर आला. यांना बाजूचं काही दिसत नव्हतं. त्याची टाच यांच्या मुखवट्यापासून हातभरावर होती. मी रिंग सोडली आणि त्याचा पाय धरून ढकलला. तो काहीतरी पुटपुटत दूर गेला. मग दुसरीकडून एक मुलगी आली, मग खडकाचा उंचवटा आला. डॉक्टरांचं वाक्य कानात होतं. बोटवाला पुढे तोंड करून ओढत होता, त्याला मागचं कळणार नव्हतं. मी डोकं वरच ठेवलं.

खोटं कशाला सांगू, जीव तुटत होता. आयुष्यभर फळ्यावर काढलेली गोष्ट माझ्या पोटाखाली हातभर अंतरावर होती. पाणी हलत होतं, त्यातून नुसते काळे-करडे डाग दिसत होते. एकदाच, क्षणभर बघावं असं शंभरदा वाटलं. पण त्या क्षणात कुणाची लाथ बसली तर? मी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, येणाऱ्याला हाकललं, बोटवाल्याला थांबवलं, वळवलं. यांनी हात एकदाही दाबला नाही. उलट नळीतून काहीतरी आनंदाने बोलायचा प्रयत्न करत होते आणि त्याचा पिपाणीसारखा आवाज येत होता. बोटवाल्यानेच शेवटी निघायची खूण केली, तेव्हा हे वर यायला तयार नव्हते.

संध्याकाळी बोटीच्या डेकवर जेवण मांडलं. भात, डाळ, तळलेले मासे आणि अर्थातच वहिनींची शेव. दांड्यांच्या जागी काय बांधावं हा प्रश्न होता, तोही वहिनींनीच सोडवला. त्यांच्याजवळ परकराची एक जादा नाडी होती. ती चौकटीच्या दोन्ही टोकांना बांधून यांच्या डोक्यामागे गाठ मारली. “भाऊसाहेब, एकदम हिरो!” त्या म्हणाल्या. हिरो जेवायचं सोडून बोलत होते. पश्चिमेला आभाळ लाल होत होतं, लोक कॅमेरे घेऊन कठड्याशी धावले. आम्ही दोघं बसलोच होतो.

“तो पिवळ्या पट्ट्यांचा मासा पाहिलास ना? माझ्या काचेला येऊन टोचत होता बघ!”

मी भात कालवत राहिले.

“आणि ते मेंदूसारखं गोल? त्यावरच्या वळ्या काय नेमक्या होत्या! पाहिलंस ना?”

“नाही,” मी म्हटलं. “माझं डोकं वरच होतं.”

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्यांनी नाडी सावरली आणि तोंड वळवून माझ्याकडे सरळ बघितलं. त्यांना जेवढं दिसत होतं तेवढ्यात मी मावत होते.

“बरं,” ते म्हणाले, “मग ऐक. मी सांगतो.”

सूर्य बुडाला तो आम्ही दोघांनीही पाहिला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा कळलं.

त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा शाळेवाले भूगोलाच्या खोलीतलं ते जुनं मॉडेल टाकून देणार होते, ते मी घरी आणलं. क्वार्टर सोडून आम्ही तेव्हा छोट्या फ्लॅटमध्ये आलो होतो, आणि यांची नजर पुरती गेली होती. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. मी मॉडेल त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी थर्माकोलवर सवयीने हात फिरवला, कडा चाचपल्या.

“अजून गुलाबीच आहे का?”

“गुलाबीच आहे.”

“रिजेक्ट,” ते म्हणाले. “रंग आण.”

मी रंगांच्या बाटल्या आणि ब्रश घेऊन समोर बसले.

“तपकिरी घे. त्यात पिवळा मिसळ, मोहरीच्या डाळीसारखा होईपर्यंत. टोकांना थोडा फिकट ठेव. निळा फक्त माशांना.” त्यांनी मॉडेल माझ्याकडे नीट वळवून धरलं. “मी बघितलंय. तू रंगव.”