मुरमाच्या ग्राउंडवरचे उस्ताद

हॉकीच्या मुख्य प्रशिक्षकांना घरी पाठवावं, ही शिफारस मी लिहिली. कॉलेजात अजून कुजबुज चालते की प्राचार्यांनी बाईंवर, म्हणजे माझ्यावर, दबाव आणला. तसं काही नव्हतं. दबाव आणण्याइतकी आमच्या हॉकीची कुणाला पडलेलीच नव्हती. मी लिहिली, मीच सही केली.

मी ह्याच कॉलेजात शिकले आणि आता इथंच शारीरिक शिक्षण विभाग सांभाळते. फुलंब्रीच्या अलीकडं आमचं गाव. वडील गवंडी. आमच्या घरात कॉलेजचं फाटक माझ्याआधी एकट्या वडिलांनी पाहिलं होतं, तेही बाहेरून, कारण फाटकालगतची कंपाउंडची भिंत त्यांच्या हातची आहे. प्रवेशाच्या दिवशी मी एकटीच आले होते. एक दाखला कमी होता, कारकून फॉर्म घेईना. तिथं उस्ताद, म्हणजे कॉलेजचे हॉकीचे प्रशिक्षक, उभे होते, त्यांच्या खेळाडूंचे फॉर्म घेऊन. एसटी चुकू नये म्हणून मला रोज पळायची सवय, तशीच स्टँडवरून पळत आलेली, घामाघूम. त्यांनी विचारलं, "रोज दौडती क्या?" मी म्हणाले, व्हय. एवढ्यावर त्यांनी कारकुनाला सांगितलं की ही आमची खेळाडू आहे, दाखला आठवड्यात आणून देईल. तोवर मी हॉकीची स्टिक हातात धरली नव्हती.

फॉर्मवर मी सही केली ती मोठ्या माणसांची पाहिलेली तशी, एक वळवळती रेघ. उस्तादांनी फॉर्म परत माझ्याकडं सरकवला. "ये क्या कीडा बनाई? पूरा नाम लिख. पढनेवाले कू पढने आना." तेव्हापासून मी पूर्ण नावानं सही करते, पदवीच्या फॉर्मवर तशीच केली, पगाराच्या कागदावरही तशीच.

उस्ताद छावणीतले. लहानपणापासून तिथल्या मैदानांवर फौजेतल्या माणसांबरोबर खेळून शिकलेले. दुसरे प्रशिक्षक म्हणजे सर. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, गोलकीपर तयार करायचे आणि हजेरीची वही ठेवायचे. दोघं एकाच स्कूटरवर यायचे. पुढं उस्ताद, मागं सर, सरांच्या मांडीवर गोलकीपरचे पॅड. त्या पॅडमुळं सरांना समोरचं काही दिसायचं नाही, म्हणून ते सारखे विचारायचे, आलं का? उस्ताद म्हणायचे, हौ, आ गया, उतरो. आणि स्कूटर अजून गुलमंडीच्या बाजारातच असायची. हा विनोद दोघांनी वीस-बावीस वर्षं चालवला.

आमचं ग्राउंड मुरमाचं. सकाळी आधी भोकं पाडलेल्या डब्यांनी पाणी मारायचं, मग आम्ही पोरींनी रोलर ओढायचा. तरी मुरूम तो मुरूमच. चेंडू सरळ येता येता कुठल्यातरी खड्याला लागून उसळायचा आणि दातावर यायचा. म्हणून उस्तादांचा पहिला धडा एकच होता, चेंडू मुर्दा करणं. चेंडू आला की स्टिक आडवी टाकून, दाबून, जागच्या जागी ठार थांबवायचा. तो हलायचा बंद झाला की मान वर करायची, बघायचं, मग मारायचा. "मुर्दा कर" हे शब्द आम्ही दिवसातून शंभर वेळा ऐकायचो. पहिले सहा महिने दुसरं काही शिकवलंच नाही. त्याच्यावर आम्ही तीन वर्षं आंतरमहाविद्यालयीन कप जिंकला. तेव्हा सगळ्यांचीच ग्राउंडं मुरमाची होती, आणि मुरमावर चेंडू मुर्दा करणाऱ्या पोरी आमच्यासारख्या कुणाकडं नव्हत्या. ते कप प्राचार्यांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात आहेत. पुसायचं काम माझ्याच विभागाकडं आहे.

मग सामने हिरव्या टर्फवर, कृत्रिम गवतावर, व्हायला लागले.

टर्फवर चेंडू उसळत नाही. तिथं त्याला थांबवायची गरजच नसते, पळता पळता स्टिकवर घेऊन पुढं न्यायचा असतो. मागच्या चार वर्षांत आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. गेल्या हिवाळ्यातला सामना मी रेषेबाहेर उभी राहून पाहिला. आमच्या पोरी कमी पळत नव्हत्या, भीत नव्हत्या. पण चेंडू आला की आमची पोर त्याला शिस्तीत मुर्दा करायची, मान वर करायची आणि तोवर समोरची तो घेऊन निघून गेलेली असायची. एकदा नाही, प्रत्येक वेळी. प्रत्येक पोरीला त्या एका क्षणात समोरच्या लुटत होत्या. आमच्यावर आठ गोल झाले. उस्ताद माझ्या शेजारी उभे होते, आणि सवयीनं ओरडत होते, "मुर्दा कर, मुर्दा कर." शिकवलेलं पोरी अगदी बरोबर करत होत्या. म्हणूनच हरत होत्या.

उस्तादांना हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी त्यांना सांगितलं होतं. त्या सामन्याच्या दोन वर्षं आधी खेटे घालून मी शहरातल्या सरकारी टर्फवर आठवड्यातून दोन सकाळी सरावाची परवानगी आणली होती. उस्ताद पोरींना घेऊन एकदा गेले. पुढच्या वेळी म्हणाले, कालीन पे क्या खेलना, असल्या गालिच्यावर पोरी नाजूक होतील. त्याच्या पुढच्या वेळी स्कूटर बिघडली. परवानगीची मुदत संपून गेली. मी खरं कारण विचारलं नाही. ते सरांनी सांगितलं, वर्षभरानं, सहज बोलता बोलता. त्या दिवशी तिथल्या एका तरण्या प्रशिक्षकानं सगळ्या पोरींसमोर उस्तादांना म्हटलं होतं, चाचा, चप्पल घालून टर्फवर येऊ नका, बाहेर बसा. उस्ताद बाहेर बसले. तासभर. मग त्या पोरानं आमच्या पोरींना चेंडू पळता पळता घ्यायला शिकवलं, आणि उस्ताद बघत राहिले.

"चप्पल कशाला घातली मग," मी सरांना म्हणाले. मला राग आला होता.

"बूट घालायला त्याला वाकता येत नाय आता," सर म्हणाले. "त्यानं तुला सांगितलं नाय, मीबी सांगितलं नाय असं समज."

हे माहीत असताना मी पुढं वर्षभर गप्प राहिले. माझा स्वभाव तोंडावर बोलण्याचा आहे, लोक तसं म्हणतात. पण ह्या बाबतीत मी गप्पच राहिले.

आठ गोलांच्या सामन्यानंतर प्राचार्यांनी तिघांची समिती नेमली. ते स्वतः, संस्थेचे सचिव आणि मी. पहिल्या बैठकीत सचिवांनी विचारलं की टीम बंदच केली तर काय फरक पडतो. प्राचार्य म्हणाले, क्रीडा विभाग चालू दिसला पाहिजे, मूल्यांकनाला लोक येतात. शेवटी असं ठरलं की प्रशिक्षक ठेवायचे की बदलायचे हे बाईंनी लिहून द्यावं, त्या त्यांच्याच शिष्या आहेत, त्यांच्या शब्दावर कुणी बोट ठेवणार नाही. मी विचारलं, टर्फचं काय? नवा माणूस आणला तरी तो शिकवणार ह्याच मुरमावर ना? सचिव म्हणाले, ते पुढच्या टप्प्यात बघू. पुढचा टप्पा म्हणजे काय हे त्या केबिनमधल्या तिघांनाही माहीत होतं.

मी आठवडाभर काही लिहिलं नाही. मग एका सकाळी आमची कप्तान विभागात आली. कन्नडकडच्या एका गावातली पोर, शेवटच्या वर्षाला. तिला पोलीस भरतीत जायचं होतं. राज्य पातळीचं प्रमाणपत्र असलं तर खेळाडूंच्या जागांमधून नंबर लागायची आशा होती, आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्या टीमला असलं प्रमाणपत्र कुठून मिळणार? तिनं दार लोटलं, खुर्चीवर बसली नाही.

"मॅडम, तुमाला उस्तादांचं लई वाईट वाटतं, दिसतंय आमाला," ती म्हणाली. "आमचं कधी वाटंल?"

ती गेल्यावर कागद घेतला आणि लिहिलं. दोन्ही प्रशिक्षकांची सेवा मोलाची आहे, परंतु खेळाचं तंत्र बदललेलं असून टर्फवर खेळणाऱ्या संघाला नव्या पद्धतीनं शिकवणाऱ्या प्रशिक्षकाची आवश्यकता आहे. सर गोलकीपरसाठी राहू शकतात. खाली सही. पूर्ण नाव. वाचणाऱ्याला वाचता येईल असं.

उस्तादांना पत्र मिळण्याआधी आपण सांगावं म्हणून मी ग्राउंडवर गेले. ते कट्ट्यावर बसून एका स्टिकला पट्टी गुंडाळत होते. मी सांगायला लागले तसे त्यांनी हातानं थांबवलं.

"तूने लिख्या?"

"व्हय, उस्ताद."

"किसी ने बोला इसलिए?"

"नाय. मला वाटलं म्हणून."

त्यांनी पट्टीचं टोक दातानं तोडलं, अंगठ्यानं दाबून बसवलं. मग म्हणाले, "खेल तो बदल गया बेटा, मालूम है मेरेकू. ग्राउंड नै बदला." स्टिक माझ्या हातात दिली. "ये उस कप्तान की है. बोल, नवी पट्टी लगाई."

सरांना ठेवायचं असं मी लिहिलं होतं, पण दुसऱ्या दिवशी सरांनी हजेरीची वही आणि पॅड विभागात आणून ठेवले. मी म्हणाले, सर, तुमचं नाव त्यात नाय. ते म्हणाले, "मग स्कूटरवर माझ्या पुढं कोण बसंल?" हे त्यांनी हसत हसत म्हटलं. मी उठून त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. ते पायी आले होते.

नवा प्रशिक्षक आला, चांगला होता. पदविका घेतलेला, टर्फवर खेळलेला, बोलायला नम्र. त्यानं पहिल्या दिवशी ग्राउंड पाहिलं आणि पायानं मुरूम उकरून बघितला. मग पोरींना सांगितलं, चेंडू थांबवायचा नाही, पळता पळता घ्यायचा. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या वर्षाच्या एका पोरीच्या तोंडावर चेंडू उसळला. समोरचा दात गेला, ओठाला टाके पडले. तिचे वडील आले, माझ्यासमोर उभे राहून एवढंच म्हणाले की पोरीचं लग्न ठरवायचं होतं. प्रशिक्षकानं पंधरा दिवसांनी मला फोन केला. म्हणाला, मॅडम, ह्या ग्राउंडवर हे शिकवताच येत नाही, आणि दुसरं मला शिकवता येत नाही. त्यानंतर तो आला नाही. टर्फची परवानगी मी पुन्हा मागितली होती. ह्या वेळी उत्तर आलं की सकाळच्या सगळ्या वेळा दिलेल्या आहेत.

कप्तानचं शेवटचं वर्ष संपलं. भरतीत ती धावण्यात पास झाली, यादीत मात्र नाव आलं नाही. आता वाळूजला एका कंपनीत पॅकिंगला आहे. नवी पट्टी लावलेली स्टिक मी तिला सरावाला दिली होती, ती जाताना घेऊन गेली की नाही, मला माहीत नाही. विभागात नाही, एवढं खरं.

ह्या वर्षी सहा पोरी उरल्या. प्रशिक्षक नाही, म्हणून सराव मी घेते. पाणी मारायला आता टँकरचा पाइप आहे, रोलर गंजलाय. परवा मी स्वतः स्टिक घेऊन उतरले, पोरींना दाखवायला की चेंडू पळता पळता कसा घेतात. एका पोरीनं जोरात मारला. चेंडू आला, माझे गुडघे आपोआप वाकले, स्टिक आडवी पडली आणि चेंडू माझ्या पुढ्यात जागच्या जागी थांबला. मग मी मान वर केली. सहाही जणी माझ्याकडं बघत होत्या. त्यांतली दात गेलेली पोर हळूच म्हणाली, "मॅडम, असंच करायचं का?"

मी म्हणाले, हो, असंच करा. दुसरं काय सांगणार होते? दात तरी राहतील.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा प्रवेशअर्ज टेबलाच्या खणात आहे. कमीत कमी अकरा नावं लागतात. सहा लिहून झालीत, प्रशिक्षकाच्या रकान्यात माझं आहे. अर्ज द्यायची शेवटची तारीख काल होऊन गेली.