नावाच्या रकान्यातला रक्तगट

नसीम आपा गेल्या. आज दुपारी त्यांना माती देऊन आलो.

माझ्या कोडमध्ये माणूस मरायची सोय होती. ती या बाईनं नुसतं एक नाव टाइप करून मला दाखवली होती.
हे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

सात रस्त्याजवळ दुसऱ्या मजल्यावर आमचं सहा जणांचं ऑफिस. मी डेव्हलपर. दर सोमवारी केम या माझ्या गावाहून रेल्वेनं यायचो, म्हणून आपा मला नावानं हाक मारायच्याच नाहीत.
"काय केमवाले, मिळाली का गाडी?"

आपांचे अब्बा कोर्टाबाहेर लोकांचे अर्ज लिहायचे. आपा शेजारी बसून टाइप करायच्या. पुढं टाइपरायटरचे दिवस संपले आणि आपा आमच्याकडं डेटा एंट्रीला आल्या. त्या टेस्टर, म्हणजे आमच्या कामातल्या चुका शोधणाऱ्या, कधी झाल्या, ते आमच्या सरांनाही सांगता यायचं नाही.

तेव्हा आम्ही एका हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर करत होतो. काउंटरवर पेशंटची माहिती भरली की ती एक्सएमएल फाइलमधून लॅबकडं जायची. एक्सएमएल म्हणजे फार काही नाही. प्रत्येक माहितीच्या दोन्ही बाजूंना एकेक खूण. इथं नाव सुरू, इथं नाव संपलं. इथं रक्तगट सुरू, इथं संपला.

सोमवारी ते हॉस्पिटलात लाइव्ह जायचं होतं. शुक्रवारी आपा खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या.
"लॅबला जाते ती फाइल दाखव की जरा."

दाखवली. चष्मा वर करून त्यांनी ती नीट वाचली.
"लोकांनी लिहिलेलं नाव तू उचलतोस आणि या दोन खुणांच्या मधे चिकटवतोस. व्हय ना?"
"हो आपा."
"आणि नावातच कुणी ही खूण लिहिली तर?"
मला हसू आलं. "आपा, नावात कोण असलं लिहील?"
"मी लिहिते की."

आणि त्यांनी नावाच्या रकान्यात हे टाइप केलं:

राजू</नाव><रक्तगट>ओ पॉझिटिव्ह</रक्तगट><नाव>

खाली रक्तगटाच्या रकान्यात बी पॉझिटिव्ह निवडलं. सेव्ह.

लॅबच्या स्क्रीनवर आलं: राजू. ओ पॉझिटिव्ह.

मी तीनदा रिफ्रेश केलं. आपांच्या खुणेपाशी नाव संपलं होतं, आणि पुढं दिसलेला पहिला रक्तगट लॅबनं खरा मानला होता. रक्त चढवायच्या आधी क्रॉसमॅच करतात, दोन्ही रक्तं जुळवून बघतात, हे मला माहीत आहे. पण आपल्या चुकीवर दुसऱ्यानं पहारा द्यायचा, हे काही काम नाही.

याला एक्सएमएल इंजेक्शन म्हणतात. मी ते कॉलेजात पाठ करून पास झालो होतो. आपांनी ते नाव कधी ऐकलंही नव्हतं.

"तुम्हाला कसं सुचलं हे?"
"अब्बा अर्जात नाव लिहिलं की उरलेल्या जागेवर आडवी रेघ मारायचे. नंतर कुणी काही घुसवू नये म्हणून. तुझी रेघ कुठाय रे?"

त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती. पण वाटलं ते या बाईचं कौतुक.

सर म्हणाले, सोमवारी जाऊ दे, नंतर दुरुस्त करू.
"नक्को. मैं सही नई करती," आपा म्हणाल्या आणि पर्स उचलून घरी गेल्या.
टेस्टरच्या सहीशिवाय जाता येत नव्हतं. लाइव्ह पुढं ढकललं.

मी हुशारी केली. काउंटरच्या स्क्रीनवर त्या खुणा आणि तसली सगळी चिन्हं टाइप करायलाच बंदी घातली. झालं, म्हटलं.

आपांनी करमाळ्याच्या तपासणी शिबिराची यादी फाइलनं चढवली. ती काउंटरवरून येतच नव्हती, त्यामुळे माझी बंदी तिला लागू नव्हती. परत तोच राजू, परत ओ पॉझिटिव्ह. शिवाय काउंटरवर एका पेशंटच्या नोकरीच्या रकान्यात 'पठाण & सन्स' टाकलं, तर ते मात्र अडलं.
"चोराला दार उघडं आणि पठाणला कुलूप! वा रे केमवाले!"

मग त्यांनी जे सांगितलं, ते मी आजवर प्रत्येक नव्या पोराला सांगत आलोय.
"माणसानं लिहिलेलं खोडायचं नाही. जसंच्या तसं ठेवायचं. फक्त त्याचा हुकूम मानायचा नाही."

मी हातानं जोडलेलं सगळं काढून टाकलं. एक्सएमएल लायब्ररीकडून, इतरांनी आधीच पारखलेल्या तयार कोडकडून, बनवून घेतलं, म्हणजे कुणी कुठलीही खूण लिहिली तरी ती नुसतं अक्षर म्हणूनच जाते. लॅबच्या बाजूला नियम घातला: एका पेशंटला एकच नाव, एकच रक्तगट. जास्त दिसला तर अख्खी नोंद परत.

त्या दिवशी आपांनी सही केली.

गेल्या महिन्यात त्यांचं ऑपरेशन ठरलं. त्याच हॉस्पिटलात. रक्त लागणार होतं. मी भेटायला गेलो, तर काउंटरवरची मुलगी रडकुंडीला आलेली. आपांनीच शिकवून तयार केलेली ती.
"दादा, आपांनी नावात बघा की काय लिहायला लावलंय!"

केसपेपर हातात घेतला.

नाव: नसीमबानो</नाव><रक्तगट>ओ पॉझिटिव्ह</रक्तगट><नाव>
रक्तगट: बी पॉझिटिव्ह

लॅबमध्येही तसंच. ते लांबलचक नाव अक्षर न् अक्षर, आणि खाली बी. बरोबर.

मी त्यांच्या खाटेपाशी जाऊन ओरडलोच. "आपा, स्वतःच्या जिवावर टेस्टिंग करता?"

त्या हसल्या. दम लागत होता.
"टेस्टिंग कुठलं रे. ते तर तेव्हाच झालं. भरोसा होता म्हणून लिहिलं."

मला इतकं मोठं सर्टिफिकेट कुणी दिलेलं नाही. ऑपरेशन पार पडलं, पण आपा घरी काही आल्या नाहीत.

तो केसपेपर त्यांच्या मुलीनं आज मला दिला. नाव कुणी दुरुस्त केलेलं नाही.

आपा, तुम्ही लिहिलेलं जसंच्या तसं ठेवलंय.
सोमवारी गाडी मिळाली, तरी विचारायला कुणी नसेल.

खुदा हाफिज, आपा.