विहिरीवरची जाळी

आमच्या श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या वाड्यांमध्ये विहिरींवर जाळ्या बसवणारा एक माणूस आहे. विहिरीचं आडवं माप तो कधीच घेत नाही. कठड्याभोवती दोरी फिरवतो, घेराला घेरानंच गुणतो, साडेबारानं भागतो. तेवढी चौरस फूट जाळी विणायची.

"साडेबाराहून जरा जास्तीनं भागायला हवं," मी एकदा न राहवून म्हटलं. "तुमची जाळी किंचित मोठी होते."

"व्हय सर. ती गाठींत जाते."

जाळी बांधून झाली की तो चपला काढतो आणि मधोमध उताणा पडतो. खाली काळं पाणी.

"या सर, दोघांना पुरंल," तो गेल्या खेपेला म्हणाला.

तीस वर्षं वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवलेला मी कठडा धरून उभा राहिलो.