मामांची चांदणी

नाताळ जवळ आला, की राहू गावचे एक मामा आमच्या दौंडच्या प्रेसबिटेरियन चर्चमध्ये कागदाची मोठी चांदणी करायला यायचे. नाव मी कधी विचारलं नाही. ओसरीत बसून ते बांबूच्या कामट्या तासायचे. प्रत्येक कामटी कानाशी नेऊन वाकवायचे. कुरकुरली की बाजूला.

मी तेव्हा नवी सून. शिवणकामाचा डिप्लोमा मिळवलेला, म्हणजे जगातली सगळी अक्कल माझ्याकडे! चांदणीच्या कागदाला जागोजागी चिरा दिसल्या. मामा जेवायला गेले तशी मी खळ शिजवली आणि एकेक चीर चिकटवून टाकली.

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सगळ्या मंडळीसमोर चांदणी घंटेच्या मनोऱ्यावर चढली. वारा सुटला आणि कागद टरकन फाटला.

खाली उतरवल्यावर मामांनी चिकटवलेल्या चिरांवरून बोट फिरवलं. पाळकांना म्हणाले, "माझंच माप चुकलं."

कधीच न चुकणारा माणूस असं म्हणाला, आणि मला राहवेना. "चिरा मी बुजवल्या," मी सर्वांदेखत सांगितलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

मामा हसले. "वारं जायला वाट ठिवली हुती, सूनबाई. पर कागद फाटला, तुमची खळ न्हाई सुटली. करा आनखी पातेलंभर, आजच चढवू."

संध्याकाळी चांदणीत दिवा लागला, पार स्टेशनातून दिसला. तेव्हापासून चर्चची खळ मीच शिजवते. पातेल्याला दुसऱ्या कुणाची हात लावायची टाप नाही.