भट्टीतल्या पांढऱ्या पट्ट्या

खंडेनवमीच्या सकाळी मी आमच्या मॅडमची पावसाळाभराची मेहनत तारेच्या घासणीनं घासून काढली.

बुटीबोरीच्या आमच्या कारखान्यात रंगवलेला माल सुकवायची लांबलचक भट्टी आहे. आत सिरॅमिकच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून मालाचे ट्रे सरकतात. तेल घातलं तर जळून धूर होतो. नाही घातलं तर पट्ट्या झिजतात आणि ट्रे किंचाळतात. म्हणून मूळच्या खापा गावच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या इंजिनीअर मॅडमनी पट्ट्यांवर कोरड्या भुकटीचा काळपट लेप चढवला होता. पेन्सिलीचं शिसं बोटाला लागतं ना, तसा गुळगुळीत. त्यांनी मला सगळं समजावलंही होतं. मी मोबाइल बघत मान हलवली होती.

पूजेनंतर मालक भट्टी चालवून बघणार होते. आवाज गेला असेल तर दुसऱ्या भट्टीलाही लेप. नाहीतर प्रयोग बंद.

आता, खंडेनवमीला यंत्र घासूनपुसून, झेंडू बांधून पूजेला ठेवायचं ही आमची रीत. दार उघडलं तर आत सगळं काळं! देखभाल खात्याचा प्रमुख म्हणून मला लाज वाटली. बाह्या सरसावल्या आणि अर्ध्या भट्टीपर्यंत पट्ट्या दुधासारख्या केल्या. मग भजी आली, आणि मागोमाग मॅडम.

"सर, हे कोणी घासलं?"

"मीच. काहून? चमकून राहिल्या ना?"

"मळ नव्हता सर तो. माझा लेप होता."

मी हातातलं भजं परत ताटलीत ठेवलं. लेप पुन्हा लावून भाजायला वेळ नव्हता. पूजेला सगळ्यांची घरची माणसं जमली होती, माझी बायकोही. नारळ फुटला. भट्टी सुरू झाली आणि ट्रे असा किंचाळला की बायकांनी कान झाकले. मॅडमचा चेहरा उतरला. मालक ट्रेसोबत चालत होते. अर्ध्यावर आवाज एकदम थांबला. ट्रे लोण्यावरून गेल्यासारखा पुढे निघाला.

"इथून काय झालं?" मालकांनी विचारलं.

"इथून पुढे लेप आहे सर," मॅडम घाईनं म्हणाल्या. "मागे नाही."

मालकांनी ट्रे पुन्हा सोडायला लावला. पुन्हा तेच. ते खुशीत हसले. "कानानंच समजते! दुसऱ्या भट्टीलेही मारा मॅडम. पण मागच्या अर्ध्याले काहून नाही मारला?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी झेंडूची माळ नीट करू लागलो. माझ्या काळ्या हातांकडे बघून बायकोनंच खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "घरी चहाचा कप विसळत नाही हे. घासाले भट्टीच भेटली यायले!"