बांगड्या सांभाळणारीची फुगडी

आज माझ्या घरी आधी एकलहऱ्याची शकू टपकली, मागून तिची बहीण विमल. लहानपणच्या मैत्रिणी माझ्या. तेव्हा मला दमा, म्हणून फुगडी घालताना पोरी बांगड्या काढून माझ्याजवळ द्यायच्या. मी ओट्यावर बसून सांभाळायची.

आता डॉक्टरच म्हणतात रोज चाला, खेळा. रक्तात कमी निघालं म्हणून व्हिटॅमिन डीची पुडीपण दिलीय, पण दम्याला पंपच लागतो म्हणाले.

आज शकू फुगडीला उठली आणि जुन्या सवयीने तिने बांगड्या माझ्या ओंजळीत टाकल्या. मी त्या विमलला दिल्या, माझ्याही काढून दिल्या आणि आधी पंप घेतला.

"अगं बये, धाप लागंल," विमल म्हणाली.

"लागली तर थांबू."

सात गिरक्या घेतल्या बायांनो, सत्तरीत पहिल्यांदा. तुमची कुठली फुगडी राहिलीय? दोघी येत्या गुरुवारी परत येणारेत, तेव्हा फुगडीला विमलचा नंबर आहे.